कन्सल्टन्सीतली नोकरी: पगार, साइट, सही, बॉन्ड (कंपन्यांची नावं लिहू नयेत)

टीबीएम

दर जूनला तोच प्रश्न फिरून येतो. सिव्हिलची डिग्री झाली, संभाजीनगरातल्या एका कन्सल्टन्सीची ऑफर आहे, जावं का? एक जण लिहितो 'शिकायला लई मिळतं', दुसरा लिहितो 'चार-चार महिने पगार नाही'. दोघंही खरं बोलत असतात. मालकाच्या स्वभावावर आपण सगळं ढकलतो, पण तिथलं वातावरण बरंचसं ठरतं ते कंपनीचं बिल सरकारकडून कसं निघतं त्यावर. म्हणून हा धागा. पाणीपुरवठा, रस्ते, सिंचन, नगरपालिका, पोकरा (हवामान-अनुकूल शेतीचा सरकारी प्रकल्प), जिथे जिथे सल्लागाराची माणसं लागतात तिथलं लिहा. नाव मात्र कुठल्याच कंपनीचं नको, कौतुक असलं तरी नको.

सुरुवात मी करतो.

डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) करणाऱ्या कंपनीला पैसे टप्प्यानं मिळतात. सर्वेक्षण दिलं की थोडे, मसुदा दिला की थोडे, मोठा हप्ता तांत्रिक मान्यतेनंतर. तुमचं काम दिवाळीआधी संपलेलं असतं आणि फाइल मार्चपर्यंत टेबलं फिरत असते. अशा ठिकाणी दोन महिने माशा मारणं आणि मग दहा दिवस रात्री बारापर्यंत बसणं हा नेम आहे.

पीएमसीला (कामावर देखरेख करणाऱ्या सल्लागार कंपनीला) ठेकेदाराच्या बिलावर टक्केवारी मिळते. ठेकेदार बसला की तुम्ही बसलात. जलजीवनची (घरोघरी नळाच्या केंद्राच्या योजनेची) मूळ मुदत २०२४ होती, ती २०२८ पर्यंत वाढवली. काम लांबलं, माणसं तेवढीच ठेवायची आणि टक्केवारीची रक्कम तीच. हा ताण शेवटी साइट इंजिनिअरच्या पगारवाढीवर येऊन पडतो.

रस्त्यांवर मॅन-मंथ चालतं, म्हणजे माणूस हजर तर पैसे. त्याबद्दल इथले रस्तेवाले लिहितीलच. थर्ड पार्टी तपासणीत भेटींची संख्या मोजली जाते, तपासणी किती खोलात झाली ते कुणी मोजत नाही. त्यामुळे एका दिवसात चार गावं उरकायचा आग्रह असतो.

मुलाखतीत एकच प्रश्न नक्की विचारा: माझी पोस्ट कोणत्या वर्क ऑर्डरवर आहे आणि ती वर्क ऑर्डर कधी संपते? उत्तर देताना समोरचा चाचपडला तर तुमची पोस्ट अजून कागदावरच यायची आहे.

गोदाकाठ

टीबीएमना अनुमोदन. पगार वेळेवर होतो का हे कंपनीला विचारून कळत नाही, पण बाहेरून तपासता येतं आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर आस्थापना शोधायची सोय आहे. लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव टाका, यादीतून बरोबर पत्ता असलेली निवडा आणि पेमेंटचा तपशील उघडा. महिनावार रक्कम, जमा झाल्याची तारीख, कर्मचाऱ्यांची संख्या आणि टीआरआरएन (पीएफ चलनाचा) क्रमांक दिसतो.

आता वाचायचं कसं? एका महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. सलग बारा महिन्यांच्या तारखा बघा. १२, १४, १५ अशा दिसल्या तर घडी बसलेली आहे. तीन महिन्यांचा पीएफ एकाच दिवशी भरलेला दिसला तर बहुधा पगारही तसाच झालेला असतो. संख्येवरही नजर ठेवा. मुलाखतीत 'आमचा दीडशे जणांचा स्टाफ' म्हणणारी कंपनी पीएफ २३ जणांचा भरत असेल, तर उरलेले कोणत्या खात्यावर आहेत ते समजून घ्या. जीएसटी क्रमांक मिळाला तर त्या पोर्टलवर विवरणपत्रं कधी भरली तेही दिसतं. तिथे सहा महिन्यांची थकबाकी दिसली तर पुढचं बोलणं आवरतं घ्या.

खाम_नदी

'उरलेले' कुठे असतात ते मी सांगते. ते 'कन्सल्टंट' असतात, म्हणजे पगार नाही, फी.

समजा दोन ऑफर आहेत, दोन्ही महिना २५,००० च्या. पहिली पगाराची. मूळ वेतन १५,००० धरलं तर पीएफमधले कंपनीच्या वाट्याचे १,८०० सीटीसीतच (कंपनी तुमच्यावरचा एकूण खर्च म्हणून सांगते त्या आकड्यातच) मोजलेले, तुमचे १,८०० कापले, व्यवसाय कर २००. हातात २१,२००. (फेब्रुवारीत व्यवसाय कर ३००. बायकांना २५,००० पगारापर्यंत तो नाही.) काही ठिकाणी ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्केही सीटीसीत घुसवतात, म्हणजे अजून ७२१ कमी. दुसरी ऑफर फीची. १० टक्के टीडीएस (आधीच कापायचा आयकर) कापून हातात २२,५००. महिन्याला १,३०० जास्त दिसतात आणि पोरं तिकडे वळतात.

पण पहिल्या ऑफरमध्ये वर्षाला ४३,२०० पीएफ-पेन्शनच्या नावे साठतात. कंपनीच्या १,८०० पैकी १,२५० पेन्शनला आणि ५५० पीएफला जातात, तुमचे १,८०० पूर्ण पीएफला. रजा आहे, ग्रॅच्युइटी आहे, फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) आहे, बँक कर्जासाठी विचारते तो कागद हाच. दुसरीत वर्षाचा ३०,००० टीडीएस परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. ३ लाख फीवर अनुमानित पद्धतीनं निम्मं म्हणजे दीड लाख उत्पन्न धरलं जातं, कर शून्य, परतावा पूर्ण. जुन्या कायद्यात ही कलमं १९४जे आणि ४४एडीए. एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्यात कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले, हिशेब तोच.

फसगत होते ती इथे: कंपनी टीडीएस कापते आणि भरत नाही. मग २६एएसमध्ये (तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या तक्त्यात) नोंद नसते आणि परतावा अडकतो. कंपनीच्या टीडीएसच्या तिमाही विवरणपत्राची मुदत ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी, ३१ मे. त्यानंतर पंधरा दिवसांनी २६एएस उघडायची सवय लावा. वर्षअखेरीला उघडलं तर तोवर कंपनीतलं अकाउंटंटसुद्धा बदललेलं असतं.

आणि कागदावर 'कन्सल्टंट' लिहिलं म्हणून माणूस नोकरदार नसतो असं नाही. रोजची हजेरी, ठरलेली वेळ, रजेला परवानगी, साहेबाचा हुकूम, एवढं सगळं असेल तर ईपीएफओकडे तक्रार करता येते. त्यांचं ऑनलाइन तक्रार पोर्टल आहे, ईपीएफआयजीएमएस. हजेरीचे स्क्रीनशॉट आणि बँक स्टेटमेंट जोडा.

बिंदुसरा

बीडकडच्या एका कामासाठी विचारायलेत. ऑफर लेटर नाही, व्हॉट्सॲपवर नुसतं 'सोमवारपासून या'. मागितलं तर म्हणतात प्रोबेशन संपल्यावर देऊ. काय करावं?

गोदाकाठ

@बिंदुसरा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. पण कलम दाखवून कुणी कागद देत नाही. सोपा मार्ग: तुम्हीच ईमेल टाका. 'आपल्या बोलण्याप्रमाणे अमुक पदावर, अमुक पगारावर, अमुक तालुक्यातल्या अमुक कामावर या तारखेपासून रुजू होत आहे, प्रवासभत्ता अमुक दरानं ठरला आहे.' कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर, जीमेलवर नको. उत्तर आलं नाही तरी तो पुरावा राहतो. पहिला पगार बँकेत घ्या, रोख घेऊ नका.

मांजरा_तीर

साइटचं लिहितो, कारण ऑफिसातले लोक प्रवासभत्त्याला किरकोळ समजायलेत. भांडणाचं मूळ तिथंच आहे.

पाणीपुरवठ्याच्या साइटवर एका पोराकडे पंधरा-वीस गावं. दिवसाला १२० किलोमीटर गाडी पळते. ४५ चं ॲव्हरेज धरलं तर २.७ लिटर. परभणीचं पेट्रोल राज्यातल्या महागड्यांत मोडतं, १०६ रुपये धरा. २८६ रुपये नुसते पेट्रोलचे. टायर, चेनसेट, ऑइल, सर्व्हिसिंग धरून किलोमीटरमागं अजून रुपया-दीड रुपया जातो. म्हणजे साडेतीन-चार रुपयांच्या खाली दर असेल तर तुम्ही कंपनीला पदरचे पैसे द्यायलात. महिन्याचे २४ दिवस धरले तर हा आकडा दहा हजारांवर जातो आणि कंपनी तो दोन महिन्यांनी देणार. २२ हजार पगाराच्या पोरानं तेवढे आणायचे कुठून?

मग ठेकेदाराचा माणूस म्हणतो, 'साहेब, टाकी फुल करून देतो. जेवण कॅम्पवरच करा.' इथून पुढं तपासणी संपली. काऊन? दुसऱ्या दिवशी पाइपच्या चराची खोली कमी निघाली तर बोलायचं कोणत्या तोंडानं? वरचे म्हणतात पोरगं विकलं गेलं. अरे, तुम्हीच भत्ता थकवून त्याला तिथं नेऊन सोडलं की.

म्हणून रुजू होताना प्रवासभत्ता ॲडव्हान्स मागा, निदान पंधरा दिवसांचा. दर लेखी घ्या. लॉगबुक रोज लिहा: सुटताना आणि परतताना मीटर, गावाचं नाव, कामाचं नाव. नांदेडवरून किनवट-माहूरकडं पाठवत असतील तर तिथंच खोली मागा, रोज शंभरावर किलोमीटर जाऊन तेवढंच परत येणं जमत नसतं.

छोटा_सल्लागार

दुसरी बाजू मांडतो, शिव्या खायची तयारी आहे. लहान फर्मला सरकारी बिलाच्या भरवशावर बँक सहज ओव्हरड्राफ्ट देत नाही. सुरक्षा अनामत अडकलेली असते. ज्या कामाला जीएसटी लागतो तिथे बिल दिल्याबरोबर १८ टक्के भरावे लागतात, विभागाचे पैसे येवोत न येवोत. वीसपेक्षा कमी माणसं असली तर पीएफ सक्तीचा नाही, पण स्वेच्छेनं नोंदणी करता येते आणि ज्यांना माणसं टिकवायची आहेत ते करतात.

पगार उशिरा होणं आणि पगाराची तारीख लपवणं यात मात्र फरक आहे. 'अनुदान आलेलं नाही, निम्मा पगार १० ला, निम्मा २५ ला' एवढं सांगायला पैसे लागत नाहीत.

टीबीएम

@छोटा_सल्लागार, शिव्या कशाला, खरंच आहे. फक्त एक भर: संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. अनुदान ही मालकाची अडचण. ती सांगितली म्हणून मुदत वाढत नाही.

मांजरा_तीर

सहीचं राहिलं. आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, मग मऊ खडक, मग कठीण. शंभर मीटरवर चित्र पालटतं. डीपीआरमध्ये ऑफिसात बसून या थरांची सरसकट टक्केवारी टाकलेली असते, कारण ट्रायल पिट (चाचणी खड्डे) घ्यायला जेसीबीचं भाडं कोण देणार? काम सुरू झालं की ठेकेदार म्हणतो सगळा कठीण खडक, कारण त्याचा दर मातीच्या कितीतरी पट. पाइप टाकून चर बुजवला की कुणाच्या बापाला कळत नाही खाली काय होतं. त्या कागदावर सही कुणाची? नवीन पोराची.

काय करायचं: चर उघडा असतानाच मोजायचं. पाटीवर खडूनं गाव, चेनेज (लाइनीच्या सुरुवातीपासूनचं अंतर), तारीख लिहायची, चरात लेव्हल स्टाफ (आकडे असलेली मोजकाठी) उभा करायचा, पाटी आणि स्टाफचे आकडे दोन्ही दिसतील असा फोटो, जीपीएस चालू ठेवून. दर ३० मीटरला एक, थर बदलला तिथं जादा. पाइपखालच्या वाळूच्या किंवा मुरमाच्या गादीचा फोटो वेगळा. चर बुजलेला असेल तर अहवालात तसंच लिहायचं: 'भेटीच्या वेळी चर बुजवलेला होता, खोली व थर मोजता आले नाहीत.' हे वाक्य कुणी खोडायला लावलं तर ईमेलवर लावा म्हणावं. मागील तारखेची सही कधीच नको. मोजमाप पुस्तिका वर्षानुवर्षं राहते, कंपनी राहील याची खात्री नाही.

आणि 'काम समाधानकारक आहे' असलं गुळगुळीत वाक्य लिहूच नका. काय पाहिलं, किती मीटर पाहिलं, कोणत्या चेनेजपासून कुठवर, एवढंच.

हायवे_पोरगा

रस्त्यांचं. महामार्ग प्राधिकरणाच्या कामावर टीम लीडर बहुतेक निवृत्त अधिकारी असतात, त्यामुळे ऑफिसचं वळण सरकारी विभागासारखंच. साहेब आल्याशिवाय चहा नाही, साहेब उठल्याशिवाय घरी नाही. पण कागद शिकायचा असेल तर याच्यासारखी शाळा नाही. पत्राला उत्तर किती दिवसांत द्यायचं, कराराचं कोणतं कलम लावायचं, हे तिथेच कळतं.

मॅन-मंथमध्ये रजेचे दिवस करारातच ठरलेले असतात. त्यापुढं गैरहजर राहिलात की कंपनीचं बिल कापतात, म्हणून एचआर आजारपणातही फोन करत राहतं. मुख्य पदावरचा माणूस बदलायचा तर तेवढ्याच पात्रतेचा दुसरा द्यावा लागतो, प्राधिकरणाची मंजुरी लागते आणि मानधनात कपातही होते. म्हणून राजीनामा दिला की बॉस एकदम गोड होतो किंवा एकदम कडू.

इन्फ्राकॉन पोर्टलचं (महामार्गाच्या कामांसाठी इंजिनिअरांची नोंद असते ते) खातं स्वतःच्या हातात ठेवा. मोबाईल नंबर तुमचा, पासवर्ड तुमचा, ओटीपी कुणालाही नाही. बऱ्याच ठिकाणी एचआरच खातं उघडून देतं आणि मग न विचारता तुमचं नाव निविदेत जातं. एकाच निविदेत दोन कंपन्यांकडून एकाच माणसाचा सीव्ही गेला की दोन्हीकडचे गुण जातात आणि बदनाम होता तुम्ही. सही केलेला सीव्ही देताना त्याच्यावर कामाचं नाव आणि तारीख टाका, म्हणजे दुसरीकडे चिकटवता येत नाही.

खाम_नदी

निविदेचा विषय निघालाच आहे तर: महाटेंडरवर (राज्य सरकारच्या निविदांच्या साइटवर) शेवटच्या तासात पोर्टल रडतं हे सगळ्यांना माहीत असूनही स्कॅनिंग शेवटच्या रात्रीच चालतं. कारण अनुभवाचे दाखले मालकाच्या कपाटात आणि डिजिटल सहीचं टोकन त्यांच्या गाडीत. ज्या ऑफिसात हे दोन्ही एका ठरलेल्या माणसाकडे असतं तिथे संध्याकाळी सातला दिवे मालवतात. मुलाखतीला गेलात की सहज विचारून बघा.

सावली

बायकांच्या बाजूनं दोन-तीन गोष्टी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष महिलाच. ऑफिसच्या भिंतीवर तिची नावं लावलेली असतात का ते पहिल्या दिवशी बघा. साइट, कंपनीची गाडी, ठेकेदाराचा कॅम्प हेही कायद्यानं कामाचं ठिकाणच आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी. दहापेक्षा कमी माणसांची फर्म असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

बाकी रोजचं. शौचालय कुठल्या साइटवर आहे आणि कुठल्या नाही हे कंपनीला माहीतच नसतं. ग्रामपंचायत कार्यालय किंवा शाळेची वेळ बघून भेटी लावाव्या लागतात. 'मुलींना साइट जमत नाही' म्हणून संगणकावर नकाशे काढायला ऑटोकॅडवर बसवतात आणि मग बढतीच्या वेळी साइटचा अनुभव विचारतात. रुजू होतानाच महिन्याला ठराविक साइट दिवस, जोडीला दुसरी व्यक्ती आणि गाडी, हे ईमेलमध्ये घ्या. नाहीतर पाच वर्षांनीही पदनाम ड्राफ्ट्समनच राहतं.

बिंदुसरा

आता म्हणायलेत ५०० च्या स्टॅम्पवर दोन वर्षांचा बॉन्ड, मोडला तर एक लाख. शिवाय मूळ गुणपत्रिका जमा करा.

गोदाकाठ

मूळ कागद द्यायचे नाहीत, हा मुद्दा संपला. दाखवा, स्वतः साक्षांकित करून झेरॉक्स द्या. कोरा चेक मागितला तर सरळ उठून या.

बॉन्ड म्हटलं की 'चालतच नाही' असं इथे लोक ठोकून देतात, ते बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची रक्कम ग्राह्य धरली. पण तिथे सरकारी बँक होती, खुली भरती होती, पुन्हा भरती करण्याचा खर्च मांडला होता. तुमच्या कंपनीनं नेमकं कोणतं प्रशिक्षण दिलं, त्यावर किती खर्च झाला, हे तिला दाखवता आलं पाहिजे. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, तिच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. आणि 'सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कन्सल्टन्सीत जाणार नाही' ही ओळ कलम २७ मुळे टिकत नाही.

सही करायचीच असेल तर तीन ओळी वाढवून घ्या: प्रशिक्षणाचं नाव आणि खर्च, महिन्यागणिक घटत जाणारी रक्कम, आणि पगार सलग दोन महिने थकला तर बॉन्ड आपोआप संपेल. तिसऱ्या ओळीवर ते काय तोंड करतात ते नीट बघा.

बिंदुसरा

तिसरी ओळ टाकून पाठवली. 'विचार करून कळवतो' म्हणाले. धन्यवाद सगळ्यांना. एक शेवटचं, सोडताना काय काय घ्यायचं?

टीबीएम

राजीनामा ईमेलवर, शेवटच्या दिवसाची तारीख घालून. हातातल्या वस्तूंची यादी करून पोच घ्या: लॅपटॉप, ऑटो लेव्हल, स्टाफ, फील्ड बुक, टीबीएमच्या (साइटवरच्या तात्पुरत्या बेंचमार्कच्या) जागांची यादी, ड्राइव्हवरचे फोटो. फील्ड बुकच्या पानांचे फोटो आधी काढून घेऊ नका, तो कंपनीचा माल आहे, नंतर त्याच्यावरून अडवतात. संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करायचा आहे. प्रवासभत्त्याचं बिल त्यात आपोआप धरत नाहीत, ते वेगळं आधी सादर करा आणि पोच घ्या.

अनुभवाचा दाखला 'यांनी आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली' असा नको. प्रकल्पाचं पूर्ण नाव, वर्क ऑर्डर क्रमांक, किंमत, पाइपची किंवा रस्त्याची लांबी, तुमचं पद, कधीपासून कधीपर्यंत आणि विभागाचं नाव. दोन दाखल्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्या तर पुढच्या निविदेत दोन्ही बाद होतात. हा दाखला सोडताना मागितला तर सहा महिने फिरवतात, प्रकल्प संपला की लगेच मागायचा. पीएफमध्ये सोडल्याची तारीख कंपनीनं टाकली का ते यूएएनच्या (तुमच्या कायमच्या पीएफ क्रमांकाच्या) लॉगिनमध्ये सर्व्हिस हिस्ट्री बघून खात्री करा. नसेल टाकली तर शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यावर त्याच लॉगिनमधून स्वतः टाकता येते.